स्वारगेट–कात्रज मेट्रो जमिनीखालून येतीय, सातारा रोडच्या जुन्या बिल्डिंगने आणि दुकानाने आधी काय करून ठेवायचं?

पद्मावतीची_लेक

नमस्कार मंडळी. पुण्यात सातारा रोडला पद्मावतीजवळ आमची बिल्डिंग आहे, १९८७ सालची, खाली सहा दुकानं आणि वर तीन मजले. त्यातलं एक दुकान आमचं, स्टेशनरी आणि झेरॉक्सचं, पप्पा ३४ वर्षं चालवतायत. गेल्या महिन्यात रस्त्याच्या कडेला हिरवी जाळी बांधून एक मशीन उभं राहिलं, दोन दिवस बोअर मारत होते आणि आतून निघालेले दगडाचे गोल दांडके लाकडी पेटीत ओळीने मांडून, वर खडूने नंबर टाकून घेऊन गेले. तेव्हापासून बिल्डिंगमधे दुसरा विषय नाही.

मी मेट्रोच्या विरोधात अजिबात नाही हे आधीच सांगते, माझं ऑफिस शिवाजीनगरला आहे आणि रोज स्वारगेटपर्यंत बसने जाऊन पुढे मेट्रो पकडते, त्यामुळे ही लाइन झाली तर सगळ्यात जास्त फायदा माझाच आहे. पण पप्पांना दोन गोष्टींची धास्ती बसलीय. एक म्हणजे बिल्डिंगच्या खालून बोगदा गेला तर इतकी जुनी बिल्डिंग टिकेल का, आधीच जिन्यात आणि मागच्या भिंतीला बारीक भेगा आहेत. आणि दुसरं, दुकानासमोर कामाच्या आडोशाचे पत्रे लागले तर चार वर्षं गिऱ्हाईक येणार कुठून, कारण आमच्या धंद्याची जवळजवळ निम्मी कमाई जून-जुलैच्या वह्या-पुस्तकांवरच असते. वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात की वरून पुलावरून न्यायची सोडून एवढे पैसे घालून खालून का नेतायत, त्याचंही नीट उत्तर कुणाकडे नाही.

ज्यांनी हे प्रत्यक्ष अनुभवलंय, म्हणजे पेठेतल्या किंवा मुंबईच्या लोकांनी, त्यांनी प्लीज सांगा. पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तिथे काहीतरी ठोस घेऊन जायचंय.

मंडई_वाडा

ताई, आमचा वाडा मंडईच्या मागच्या बाजूला, दगडी जोतं, वर वीट आणि चुना, सागवानी खांब, वय शंभरच्या पुढे. आमच्या खालून बोगदा गेलाय, म्हणून तुमच्या पप्पांना काय वाटत असेल ते मला चांगलं माहितीय, माझी आई तेव्हा ८१ वर्षांची होती आणि मशीन येणार म्हणून कळल्यावर आठ दिवस नीट झोपली नव्हती.

झालं काय ते सांगतो. मशीन यायच्या बऱ्याच आधी दोन पोरं आली, प्रत्येक खोलीत जाऊन प्रत्येक भेगेचा फोटो काढला, पट्टी ठेवून रुंदी मोजली आणि वहीत लिहून घेतली. देवघराच्या मागे एक जुनी भेग होती, आजोबांच्या काळापासूनची, तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या एकावर एक येतील अशा बसवल्या, एकीवर लाल फुली आणि दुसरीवर बारीक चौकटी, म्हणजे भेग जराशी जरी हलली तरी फुली चौकटीवरून सरकलेली दिसणार. बाहेर भिंतीला छोटी आरशासारखी प्रिझम लावली. मशीन जवळ आलं तेव्हा रोज येऊन वाचन घ्यायचे. आई स्वतः रोज पूजा झाली की चष्मा लावून ती फुली बघायची.

प्रत्यक्ष मशीन खालून गेलं त्या दीड-दोन दिवसांत रात्री सगळं शांत झाल्यावर एक बारीक घरघर यायची, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखी, आणि तांब्यातलं पाणी थरथरलेलं मी स्वतः बघितलं. बास, तेवढंच. फुली जागची हलली नाही. २०२२ च्या जूनमधे सगळं बोगद्याचं काम संपलं आणि २९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट गाडी चालू झाली, आता दिवसभर खालून गाड्या जातात आणि घरात काही म्हणजे काही जाणवत नाही.

त्रास झाला तो बोगद्याचा नाही तर स्टेशनचा. स्टेशनच्या खड्ड्याला लागून ज्यांची घरं-दुकानं होती त्यांना विचारा, धूळ, दगड फोडायच्या ब्रेकरचा आवाज, वळसा घालून जाणं, काहींना तर जागाच सोडावी लागली. म्हणून तुम्ही पहिलं हे शोधून काढा की तुमची बिल्डिंग फक्त बोगद्यावर येते का स्टेशनच्या खड्ड्याच्या काठावर. सगळा फरक तिथे आहे.

बोगद्यातला

वरच्या दादांनी एकदम बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी बारा वर्षं बोगद्यांच्या कामात आहे (या लाइनवर नाही, आणि हे माझं वैयक्तिक मत समजा). जरा सविस्तर लिहितो कारण लोक या दोन कामांची कायम गल्लत करतात.

बोगदा टीबीएमने, म्हणजे बोगदा खणायच्या मशीनने होतो. साधारण साडेसहा मीटर व्यासाचं तोंड गोल फिरत दगड घासत पुढे जातं, रोज सरासरी ८-१० मीटर, आणि मागोमाग सिमेंटचे कमानीसारखे तुकडे जोडून रिंग बसवत जातात, रिंग आणि दगड यांच्यात जी फट राहते ती लगेच ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरून बंद करतात. जमीन खचायची भीती असते ती या फटीमुळे, आणि जिथे माती मऊ किंवा वाळू आहे तिथे ती फार महत्त्वाची. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, वरचा थर भरावाचा आणि मुरमाचा, मग फुटका दगड आणि मग एकसंध बेसॉल्ट. जे दांडके पेटीत भरून नेले ना, ते नेमकं हेच बघायला, की कुठल्या खोलीला अखंड दगड लागतो. दांडका हातभर लांब अखंड निघाला तर दगड चांगला, तुकडे तुकडे निघाले तर तिथे काळजी घ्यायची. पेठांखालून, इतक्या जुन्या वाड्यांखालून आणि मुठा नदीखालून जुळे बोगदे गेलेच आहेत, कृषी महाविद्यालयाकडून आणि स्वारगेटकडून अशा दोन्ही बाजूंनी मशीनं सोडली होती. सिव्हिल कोर्टचं स्टेशन तर ३३ मीटर खोल आहे.

स्टेशनचं काम मात्र वरून उघडं. कडेने पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) मारायचे, मग आतला दगड फोडत फोडत खाली जायचं, राडारोडा भरून डंपर वर काढायचे, आणि तळ गाठला की खालून वर स्लॅब टाकत यायचं. इथे कंपनं जास्त, आवाज जास्त आणि वेळ पण वर्षांमधे मोजायचा. बेसॉल्ट जो बोगद्याला चांगला तोच इथे छळतो, कारण तो फोडायला ब्रेकर किंवा नियंत्रित सुरुंग लागतात. सुरुंगापेक्षा ब्रेकर लोकांना जास्त नकोसा होतो, सुरुंग दिवसातून ठरलेल्या वेळी एक-दोनदा भोंगा देऊन होतो आणि संपतो, ब्रेकर दिवसभर ठाक ठाक चालू.

पूल का नाही, त्या काकांना सांगा. सातारा रोडवर आधीच स्वारगेटला जेधे चौकात उड्डाणपूल आहे, धनकवडी-भारती विद्यापीठाकडे पूल आहे, कात्रज चौकात पुलाचं काम काढलंय. त्यांच्या वरून मेट्रो न्यायची तर तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या उंचीवरून न्यावी लागेल आणि मधे बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठी राखीव, लेन आहेत तिथे खांब कुठे बसवणार. शिवाय स्वारगेटला गाडी आधीच खोल जमिनीखाली आहे, आणि मेट्रोला साधारण ४ टक्क्यांपेक्षा जास्त चढ घेता येत नाही, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर फार तर ४ मीटर वर. खालून बाहेर येऊन पुलावर चढायचं तर त्या रॅम्पसाठीच भर रस्त्यात काही शे मीटरची लांब जागा खाल्ली जाईल. खर्च जास्त आहे हे खरंय, केंद्राने १६ ऑगस्ट २०२४ ला मंजुरी दिली तेव्हा ५.४६ किलोमीटरला २,९५४.५३ कोटी धरलेत, म्हणजे किलोमीटरला पाचशे कोटींच्या वर. पण या रस्त्याला दुसरा मार्ग नाही असं माझं मत आहे.

ताई, तुमच्यासाठी तीन कामाच्या गोष्टी. एक, सोसायटीत किंवा आजूबाजूला बोअरवेल असेल, बंद पडलेली असली तरी, तिची जागा आणि खोली लेखी कळवा. मशीनला अचानक बोअर लागली तर फेस किंवा ग्राउट त्या भोकातून वर येऊ शकतं, आणि स्टेशनचा खड्डा खोल गेला की आजूबाजूच्या बोअरचं पाणी उतरतं ते वेगळंच. दोन, बिल्डिंगचा सर्व्हे व्हायला येतील तेव्हा घरं बंद ठेवू नका, प्रत्येक फ्लॅट आणि प्रत्येक दुकान दाखवा आणि त्याची सही झालेली प्रत मागून घ्या. तीन, त्याच्या आधी तुम्ही स्वतःचा सर्व्हे करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. काम सुरू झाल्यावर भेग जुनी का नवी ते ठरवता येत नाही आणि नवी भेग जुनी म्हणून खपवली जाते, भांडण कायम याच्यावरच होतं.

रोज_कात्रज_पिंपरी

मी कात्रजवरून पिंपरीला जातो सहा वर्षं झाली. सकाळी ठीक आहे पण संध्याकाळी स्वारगेटला मेट्रोतून उतरलो की खरा प्रवास सुरू होतो. पिंपरी ते स्वारगेट एसीत बसून आरामात आणि मग स्वारगेट ते कात्रज हे साडेपाच किलोमीटर कधी चाळीस मिनिटं तर कधी एक तास, बसमधे एका पायावर. पाऊस असेल तर बोलायलाच नको.

नुसतं आपल्या भागापुरतं बघू नका एवढंच म्हणणं आहे. वरती पिंपरी ते निगडी ४.४ किलोमीटरचं काम चालू आहे, ते आणि हे दोन्ही झालं की निगडी ते कात्रज एकच गाडी, सव्वीस-सत्तावीस किलोमीटर, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि कात्रजला फक्त कात्रजचे लोक उतरत नाहीत, शिरवळ, खेड शिवापूर, भोर, सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर सगळीकडच्या गाड्या तिथूनच शहरात शिरतात. हॉस्पिटलला आलेली म्हातारी माणसं पिशव्या घेऊन चौकात रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभी असतात ते रोज बघतो मी. ती सगळी तिथूनच खाली उतरून गाडीत बसतील.

त्रास होणार हे मान्य. पण २००६ साली याच रस्त्यावर बीआरटी आली, देशातली पहिली, तेव्हापासून हा रस्ता किती वेळा खोदला आणि किती वेळा परत बांधला ते इथल्या जुन्या लोकांना विचारा. दर वेळी मधली लेन इकडून तिकडे. निदान या वेळी जे होईल ते जमिनीच्या खाली आणि कायमचं होईल.

गिरगावची_मावशी

बाळा, मी मुंबईहून लिहितेय, गिरगावात आमचं कापडाचं दुकान आहे, तुझ्या पप्पांच्या जागी आम्ही होतो म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे २०१७ च्या सुमारास जमिनीखालच्या मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले. पहिल्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेले तर शटरपासून चार हातांवर निळा पत्रा, माणसापेक्षा दुप्पट उंच. समोरचा रस्ता दिसत नाही, समोरचं देऊळ दिसत नाही, आणि रस्त्यावरच्या माणसाला आमचं दुकान दिसत नाही. छत्री उघडली तर समोरून येणारा अडकायचा एवढीच वाट. गिरगाव आणि काळबादेवी दोन्हीकडे गल्ल्या अरुंद, बिल्डिंगी जुन्या, काही बिल्डिंगी पाडाव्या लागल्या आणि तिथल्या कुटुंबांना बाहेर राहायला जावं लागलं. रात्रीच्या आवाजाचं प्रकरण तर हायकोर्टापर्यंत गेलं होतं.

धंद्याचं सांगते. पहिल्या वर्षी निम्म्यावर आला. आम्ही वाट बघत बसलो, आज काढतील, दिवाळीनंतर काढतील, ती आमची चूक. शेजारच्या भांड्याच्या दुकानवाल्याने पहिल्याच महिन्यात पत्र्याच्या बाहेरच्या टोकाला, जिथे वळण होतं तिथे, परवानगी घेऊन बाणाचा बोर्ड लावला, "दुकान चालू आहे, आत या", आणि सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर काढून व्हॉट्सअॅपवर घरपोच चालू केलं. त्याचा धंदा आमच्या आधी सावरला. तुमचं तर स्टेशनरीचं, शाळांच्या याद्या आधीच मागवून वर्गाप्रमाणे सेट बांधून घरी पोचवता येतील, जून यायच्या आधी दोन महिने शाळांना भेटून या.

आणखी एक, पत्र्यात मधे मधे रस्ता ओलांडायला वाट ठेवा म्हणून आम्ही सगळ्या दुकानदारांनी मिळून सह्यांचं पत्र दिलं, एकट्या-दुकट्याचं कुणी ऐकत नाही, चाळीस सह्या होत्या तेव्हा दुसऱ्या आठवड्यात माणूस बघायला आला आणि वाट मिळाली. पत्राच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका, तारखेसकट.

आता २०२५ च्या ऑक्टोबरमधे कफ परेडपर्यंत गाडी चालू झाली, आरेपासून ३३.५ किलोमीटर आणि २७ स्टेशनं. दुकानासमोरचा पत्रा निघाला त्या दिवशी यजमान रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि नुसते दुकानाकडे बघत राहिले, किती वर्षांनी समोरून दुकान बघितलं म्हणाले. आता अंधेरीची गिऱ्हाइकं येतात जी आधी कधी येत नव्हती. पण मधली वर्षं जी गेली ती परत येत नाहीत, त्यात काही दुकानं कायमची बंद झाली, हेही तुला खरं सांगायला हवं.

पद्मावतीची_लेक

मावशी, तुमचं लिहिलेलं पप्पांना वाचून दाखवलं, ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले शाळांची यादी काढ. खूप खूप आभार.

बोगद्यातला दादा, आमच्या सोसायटीत मागे पार्किंगमधे एक बोअर आहे, आठ वर्षांपूर्वी बंद पडली आणि वर फरशी टाकलीय, सेक्रेटरींच्या लक्षातही नव्हतं, तुम्ही लिहिलं म्हणून विषय निघाला. आता खोली किती ते जुन्या बिलात शोधतायत.

आणखी एक शंका आहे, आधी तीनच स्टेशनं होती ना मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज? आता पाच झाली म्हणतात. म्हणजे आमच्या दारातलं रद्द होऊन पुढे गेलं का?

बोगद्यातला

नाही, पद्मावती आहेच. २०२५ मधे राज्य मंत्रिमंडळाने बिबवेवाडी आणि बालाजीनगर अशी दोन स्टेशनं वाढवली आणि कात्रजचं स्टेशन दक्षिणेकडे ४२१ मीटर सरकवलं. मला ही भर आवडली. आधीच्या आराखड्यात पद्मावती ते कात्रज अंतर फार होतं, मधे बालाजीनगर, धनकवडी, भारती विद्यापीठ एवढी वस्ती आणि एवढी मुलं, त्यांच्या डोक्याखालून गाडी न थांबता गेली असती. जमिनीखाली स्टेशन नंतर घुसवणं जवळपास अशक्य असतं, पूल असला तर खांबांच्या मधे कसंतरी बसवता येतं, पण बोगदा एकदा झाला की झाला. म्हणून लोकांनी आधी मागणी लावून धरली ते योग्य केलं. खर्च वाढला, वेळही लागेल, मूळ मंजुरीत फेब्रुवारी २०२९ ची मुदत होती.

मार्केटयार्ड_गाळा

आमच्या बाजूचं पण कुणीतरी लिहा म्हणून मीच लिहितो. भुसार बाजारात गाळा आहे. स्टेशनला मार्केट यार्ड नाव दिलंय त्याचा आनंद आहे, पण भाजीचा बाजार पहाटे भरतो, हमाल, तोलणार, टेम्पोवाले, भाजी घ्यायला येणाऱ्या बायका या सगळ्यांची ये-जा मेट्रो सुरू व्हायच्या आधीच होते. सकाळी ६ ला पहिली गाडी म्हणजे आमच्याकडचा निम्मा दिवस सरलेला असतो. किमान या लाइनवर पहाटेच्या दोन-चार गाड्या असाव्यात ही मागणी आत्ताच लावून धरायला पाहिजे, नुसतं नाव देऊन काय होतं. आणि भाजीची पाटी घेऊन आत येऊ द्यायला पाहिजे, एका पाटीचा काय एवढा अडसर होणार आहे.

आंबीलओढा_काठ

सगळे भेगांबद्दल बोलतायत, मला पाण्याबद्दल बोलायचंय. मी अरण्येश्वरला राहतो. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथला कुणी विसरणार नाही, आंबील ओढा कात्रजच्या तळ्याकडून खाली आला आणि सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या काडेपेटीसारख्या एकमेकांवर चढल्या, टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. आम्ही गच्चीवर उभे राहून फक्त आवाज ऐकत होतो, लाइट गेलेली, खाली कोण ओरडतंय ते दिसत नव्हतं. हा ओढा सातारा रोडच्या पट्ट्यातूनच वाहतो. तिथे जमिनीखाली स्टेशनं करायची तर दारं कुठल्या उंचीवर असणार हा माझ्या दृष्टीने भेगांपेक्षा मोठा प्रश्न आहे. मुंबईत २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं ते सगळ्यांनी बघितलं, काम चालू असलेल्या प्रवेशाकडून शिरलं होतं. म्हणजे धोका स्टेशन पूर्ण झाल्यावर नाही तर अर्धवट असताना जास्त. चार पावसाळे खड्डे उघडे राहणार आहेत, त्यांच्याभोवती भिंत किती उंच बांधणार, पंप किती, जनरेटर किती, हे काम सुरू व्हायच्या आधी लोकांना सांगितलं पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याचीच पण जुनी. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या आसपास कात्रजला तळं बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला, माणूस आत चालू शकेल एवढा, पेठांमधल्या हौदांना पाणी त्याच नळाने यायचं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. नळात हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून जागोजागी वर उच्छ्वास बांधले होते, माझ्या आजोबांनी लहानपणी त्यातून पाणी शेंदलेलं. त्यातले काही अजून आहेत, काहींवर बिल्डिंगी आल्या. मला मनापासून वाटतं की या शहरातला पहिला मोठा बोगदा तो होता, आणि दुसरा त्याच वाटेने, त्याच कात्रजला चाललाय. स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना २०१९ मधे जुनं भुयार लागलंच होतं. या वेळी अचानक लागायची वाट बघू नये, आधी शोधून नकाशावर घ्यावं.

बोगद्यातला

दादा, दोन्ही मुद्दे मोलाचे आहेत. नळ वरच्या थरात आहे, मेट्रोचा बोगदा त्याच्या बराच खालून जाईल, त्याला हातही लागणार नाही. पण स्टेशनचा खड्डा आणि जिन्याची दारं वरूनच खाली जातात, नळाला धोका असला तर तिथे आहे. म्हणजे परत तेच, जे काही जपायचंय, बिल्डिंग असो, दुकान असो, ओढा असो नाहीतर पेशव्यांचा नळ, सगळ्यांचा प्रश्न त्या पाच खड्ड्यांपाशी येऊन थांबतो.

पाण्याबद्दल, पूर्ण झालेल्या स्टेशनची दारं पुराच्या पातळीपेक्षा वर उचललेली असतात, म्हणून आत उतरायच्या आधी तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतात, आणि दाराला आडव्या फळ्या लावायची सोय असते. पण कुठल्या वर्षीचा पूर धरलाय ते विचारा. २०१९ धरलाय का हे लेखी विचारा.

पद्मावतीची_लेक

मीटिंग झाली, म्हटलं इथे लिहावं, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

एकवीस फ्लॅट-दुकानांपैकी अठरा जण आले, इतके गणपतीच्या वर्गणीलाही येत नाहीत. तुमचे सगळे रिप्लाय प्रिंट काढून वाटले होते, दुकानातूनच काढले. ठरलं ते असं की शनिवारी सगळ्या बिल्डिंगचे फोटो आपणच काढायचे, आणि काढले पण. प्रत्येक भेगेशेजारी आमच्या दुकानातली पंधरा सेंटीमीटरची पट्टी आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो काढला, दीडशेच्या वर फोटो झाले, जिन्यातली भेग सगळ्यात मोठी, तीन मिलिमीटर. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. वरच्या काकांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, मजल्याप्रमाणे, त्यांचं अक्षर फार सुंदर आहे. बोअर २१० फूट खोल आहे, जुनं बिल सापडलं. त्याच्यासकट पत्र तयार केलंय, सव्वीस दुकानदारांच्या सह्या झाल्यात, पलीकडच्या बाजूचे उरलेत. पुराचा प्रश्न पण त्यात घातलाय, आणि पहाटेच्या गाड्यांचा पण.

पप्पा दोन शाळांत जाऊन आले. एका शाळेने यादी द्यायचं कबूल केलंय.

एकच राहिलं. स्टेशनचे जिने नेमके रस्त्याच्या कुठल्या बाजूला उतरणार आणि आमच्यासमोर एखादं दार येणार का, हे कुठे बघायला मिळेल? कारण दार आमच्या बाजूला आलं तर चार वर्षं त्रास पण नंतर दुकान स्टेशनच्या तोंडाशी, आणि पलीकडे गेलं तर त्रास तेवढाच आणि शाळेतली मुलं हा एवढा मोठा रस्ता ओलांडून कशी येणार.

बोगद्यातला

जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग म्हणतात त्याला, त्याच नावाने मागा, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आणि पत्रात आणखी एक ओळ घाला, की स्टेशनच्या वरचा मजला तिकीट न काढता रस्ता ओलांडायला खुला ठेवा आणि दोन्ही बाजूंना दार द्या. ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आत ही ओळ गेली पाहिजे, नंतर फक्त रंग बदलून मिळतो.

पद्मावतीची_लेक

घातली. उद्या सकाळी पत्र द्यायला पप्पा आणि मी दोघं जातोय. पोच घेऊन येते.